सोमारीची सही

१४ ऑगस्ट १९५७, बुधवार

जनपद कचेरीचं पत्र आलं तेव्हा मी पाढे घेत होतो. पोरांना बाविसाच्या पाढ्यावर सोडून ओट्यावर आलो आणि उभ्यानंच वाचलं. कोसमटोला हे 'पूर्ण साक्षर गाव' म्हणून जाहीर करण्याचा विचार आहे. निरीक्षक साहेब ऑक्टोबरात येऊन खात्री करतील. खात्री पटल्यास शाळेला पाचवीचा वर्ग मंजूर होईल.

पाचवीचा वर्ग! चौतीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली एकोणीस याच गावात. दर वर्षी चौथी पास झालेली पोरं दुसऱ्या दिवशी गुरांमागे जाताना बघितली. पुढच्या जूनच्या तीस तारखेला मी निवृत्त होणार. त्याआधी पाचवी आणली, तर खानझोडे मास्तर इथं होऊन गेला असं म्हणायला काहीतरी राहील. नाहीतर काय, एक जुनी छत्री आणि बायकोची, भागीरथेची, कुरकुर घेऊन ब्रह्मपुरीला भावाच्या दारात जायचं.

अट एकच आहे. चौदा ते चाळीस वयाचं एकही माणूस निरक्षर राहता कामा नये. स्वतःचं नाव लिहिता आलं आणि छापील दोन ओळी वाचता आल्या की साक्षर. रजिस्टर काढलं. गावात या वयाचे त्र्याहत्तर, त्यातले बहात्तर झाले. उरली एकटी सोमारी.

लटारू मास्तर, म्हणजे माझे एकुलते एक सहायक, वय सव्वीस आणि डोकं तापट, म्हणाले, "गुरजी, ते तर बहिरी-मुकी हाय. तिले सोडून द्या. साहेब समजून घेईन."

फॉर्मात बहिऱ्या-मुक्यांसाठी रकाना नाही. आणि बहिऱ्याला शिकवता येत नाही असं या जिल्ह्यात कोणी म्हणू नये, निदान माझ्यासमोर तरी नाही.

१९ ऑगस्ट

सोमारी ही पोचूची विधवा. वय पस्तिशीचं. जन्मापासून ऐकू येत नाही. बोडी म्हणजे आमचं गावतळं; त्याच्या मातीच्या पाळीखालच्या चार बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, ती कसते. गावातलं सगळ्यात चांगलं धान तिथं होतं, कारण बोडीचं पाणी आधी तिथं उतरतं. जमीन गुणवंतरावांच्या नावावर आहे. ते मालगुजारी होती तोवर गावाचे मालगुजार. पण कसणारे हात पोचूच्या बापापासून याच घरातले. पिकाचा हिस्सा त्यांना जातो, उरलेल्यात सोमारी आणि तिची आंधळी सासू खातात.

ती लग्न होऊन गावात आली तेव्हा आम्ही नवेच होतो. आमची चंदा जाऊन वर्षही झालं नव्हतं. चंदालाही ऐकू येत नसे. तिच्यासाठी मी आणि भागीरथेनं घरातल्या घरात हातांच्या खुणा बसवल्या होत्या. भूक, ताप, पाऊस, ये, नको, शहाणी, अशा शंभरेक. पोर नवव्या वर्षी तापानं गेली आणि खुणा आमच्या हातांत तशाच राहिल्या. मग एक दिवस भागीरथेनं या नव्या सुनेला अंगणात बोलावलं आणि त्या सगळ्या तिला देऊन टाकल्या. आजही सोमारीशी धड बोलू शकतील अशी गावात दोनच माणसं आहेत, भागीरथा आणि मी.

आज दुपारच्या बायकांच्या वर्गात तिला आणून बसवलं. पाटीला ती घाबरते. मग चंदाला शिकवलं तसंच केलं. सुपात कोंडा पसरला, तिचं बोट धरलं आणि त्यात 'सो' काढला. तिनं सूप हलवून तो पुसला आणि माझ्याकडे बघून हसली. पुन्हा काढा, अशी खूण केली.

२ सप्टेंबर

झालं! चौदा दिवसांत तिनं कोणी हात न धरता 'सोमारी' लिहिलं.

हे तीन अक्षरांचं चित्र म्हणजे आपण, हे तिला कळलं त्या क्षणी मी तिच्यासमोर होतो. छातीवर हात ठेवून तिनं पाटीकडे बोट दाखवलं. मी मान हलवली. मग ती पळाली. संध्याकाळपर्यंत बांधीच्या चिखलात, शाळेच्या भिंतीवर कोळशानं, पिठाच्या डब्यावर, जिथं जागा मिळेल तिथं सोमारी. भिंतीबद्दल मी डोळे वटारले, पण हसूही आवरेना. घरी येऊन भागीरथेला सांगितलं तेव्हा ती चुलीपाशी तोंड फिरवून बसली. डोळ्यांत धूर गेला म्हणाली.

९ सप्टेंबर

आज सोमारी वर्गात येताना धानाची नुकती निसवलेली लोंबी घेऊन आली. ती माझ्यासमोर धरली आणि पाटीकडे बोट केलं. हे कसं लिहायचं, असं विचारत होती. मग खिडकीतून दिसणाऱ्या बैलाकडे बोट. मग सूर्याकडे.

मी तिला 'नंतर' अशी खूण केली. आत्ताच धान आणि बैल घुसवले तर नावाचा घोटाळा होईल. आधी सही पक्की, मग वाचनाच्या दोन ओळी, आणि साहेब येऊन गेले की हवं ते.

लटारू मास्तर तिथंच होते. "गुरजी, ते सोताहून विचारून राह्यली. हेच तर शिकवाचं असते नं? नाव काहाडता येते म्हणून ते काई वाचत नाई."

मी म्हटलं, दोन वर्षांच्या नोकरीत तुम्हाला बरंच कळायला लागलंय. बोललो ते जरा जास्तच झालं, पण खोटं नव्हतं.

२० सप्टेंबर

दोन ओळींनी नाकी नऊ आणले आहेत. मुक्या माणसानं वाचून दाखवायचं कसं? ओठांतून शब्द येणार नाही, मग साहेबांना कळणार कशानं?

रात्रभर नव्हे, पण चांगले तीन दिवस विचार केला आणि आज तोड सापडली. छापील ओळीखालून डावीकडून उजवीकडे बोट फिरवायचं, सावकाश. ओळ संपली की दुसरी. दोन्ही संपल्या की साहेबांकडे बघून मान हलवायची, म्हणजे कळलं. नंतर खाली सही. सोमारीनं हे एका दुपारी उचललं. इतक्या शांतपणे बोट फिरवते की कोणीही म्हणावं, ही बाई पोथी वाचते आहे. मी 'शहाणी' अशी खूण केली, तशी लहान पोरीसारखी लाजली.

"हे तर नाटक झालं," लटारू मास्तर म्हणाले.

हे नाटक नाही. मुक्या माणसाचं वाचन असंच दिसणार. आणि अर्थ तर पुढे शिकवायचाच आहे. पायरीपायरीनं जावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार.

११ ऑक्टोबर

आजचा दिवस मी विसरणार नाही.

निरीक्षक साहेब, सोबत गुणवंतराव, शाळेला तोरण. पंधरा-वीस जणांची परीक्षा झाली. सोमारीचा दीर मंगरू ओळ वाचताना अडखळला, साहेबांनी सांभाळून घेतलं. शेवटी मी सोमारीला पुढे केलं. साहेबांनी समोर कागद ठेवला. तिनं बोट फिरवलं, दुसरी ओळ, मग मान वर करून साहेबांकडे बघून हलवली आणि खाली सही केली. साहेबांनी उठून टाळ्या वाजवल्या. मी कधी कुठल्या साहेबाला टाळ्या वाजवताना पाहिलं नव्हतं.

दाखला जागेवरच लिहिला. मजकूर मी सांगितला आणि साहेबांनी सुधारला: 'जन्मतः बहिरी-मुकी असूनही वाचू व लिहू शकते.' खाली त्यांची सही आणि माझी.

जेवताना गुणवंतराव माझ्या शेजारी बसले होते. "गुरुजी, तुम्ही तर कमाल केली. मुकीच्या हातून सही! आता ते कुठीही सही करू शकते नं? कचेरीत चालते?" मी म्हटलं, का नाही चालणार, इतरांची चालते तशीच. शिक्षणाची एवढी आस्था असणारे जमीनदार विरळाच. शाळेला नवी घंटा देतो म्हणाले.

३ नोव्हेंबर

रविवार असूनही शाळा उघडावी लागली. घंटा घेऊन गुणवंतराव स्वतः आले, सोबत त्यांचे दिवाणजी. घंटा पितळी आहे, आवाज बोडीपर्यंत जातो. टांगून झाल्यावर म्हणाले, एक छोटं काम आहे. नवा कूळकायदा येऊ घातलाय, त्याआधी वहिवाटीचे कागद नीट करून ठेवायचेत. सोमारीची एक सही हवी. "तुमच्या देखत झाली म्हणजे बरं. तिले तुमच्यावर भरवसा हाय."

सोमारीला बोलावलं. दिवाणजींनी कागद समोर ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तिनं अगदी शिकवल्याप्रमाणे दोन्ही पानांच्या ओळींखालून बोट फिरवलं, मान हलवली आणि सही केली. दिवाणजी थक्क. खाली साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. कचेरीतल्या लपेटदार मराठीत भरगच्च लिहिलेलं होतं. वरच्या दोन ओळी वाचल्या, त्यात 'राजीखुशीने' असं काहीसं होतं. चष्मा घरी राहिला होता. शिवाय पाहुणे ताटकळत उभे होते. साक्ष सहीची असते, मजकुराची नव्हे.

जाताना सोमारीनं घंटेला हात लावून पाहिला. तिला ती हातात थरथरताना कळते.

४ नोव्हेंबर

भागीरथेनं भाकरी थापता थापता विचारलं, "कागदात का लिवलं होतं जी?"

वहिवाटीचं, म्हटलं.

"तुमी वाचलं?"

चौतीस वर्षं लोकांना वाचायला शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न! मी भाकरी अर्धी टाकून उठलो.

१७ डिसेंबर

आज मंगरू आला होता. धानाची कापणी होऊन सोमारीचं खळं नीट झालं, तेव्हा तो नमस्काराला आला असेल असं वाटलं. तो दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"गुरजी, दिवाणजी म्हणते, पुढच्या सालापासून बोडीखालच्या बांध्या आमच्या नाई. वयनीनं सोडून देल्ल्या म्हणते. कागद दाखवला. खालती तुमची सही हाय."

मी त्याला बसवलं. लटारू मास्तरांना बोलावलं. ते सरळ दिवाणजींकडे गेले, कागद वाचून परत आले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. तो राजीनामा आहे. 'मी सदर जमीन आपल्या राजीखुशीने मालकास परत करीत असून माझा तीवर कोणताही हक्क राहिलेला नाही. हा मजकूर मी स्वतः वाचून, समजून सही केली आहे.'

"पण त्यांना हवाच होता तर आधी अंगठा का नाही घेतला?" मी विचारलं. खरंच मला कळत नव्हतं.

लटारू मास्तर हळू बोलले, नेहमीच्या तापटपणानं बोलले असते तर बरं झालं असतं. "गुरजी, मुक्या बाईचा अंगठा कचेरीत टिकत नाई. दोन पंच लागते, तिले समजावून सांगतलं असं त्यायच्या सहीनं लिवा लागते. समजावून सांगणारं कोण होतं? तुमी अन् तुमच्या घरच्या बाई, दोघंच. म्हणून इतकी सालं त्यायनं हात नाई लावला. आता ते साक्षर झाली. साक्षर माणसाले कोनी वाचून दाखवत नाई."

मंगरू चटईवरून उठला आणि गेला.

१९ डिसेंबर

गुणवंतरावांकडे गेलो. चहा दिला. कागद परत द्या म्हणालो. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही दाखला देल्ला ते वाचू शकते म्हणून. मग वाचूनच सही केली नं तिनं? का दाखला खोटा हाय?" आवाज अजिबात चढवला नाही. निघताना दारापर्यंत पोचवायला आले.

मला स्वतःची लाज वाटली, कारण त्या क्षणी मला सोमारीच्या आधी दाखला आठवला.

४ जानेवारी १९५८

दोन कागद एकाच दिवशी आले. पाचवीचा वर्ग मंजूर, जुलैपासून. आणि तालुक्याच्या कचेरीची नोटीस: राजीनामा रद्द व्हावा म्हणून लटारू मास्तरांनी मंगरूच्या नावानं लिहिलेल्या अर्जाची चौकशी एकवीस तारखेला, साक्षीदारानं हजर राहावं.

काय सांगायचं? सोमारीला वाचता येतं म्हटलं तर बांध्या जातात. येत नाही म्हटलं तर दाखला खोटा, दाखला खोटा तर गाव साक्षर नाही, मग पाचवी नाही. सोळा पोरं-पोरी चौथीत आहेत. त्यांची तोंडं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्यात माझी स्वतःची अब्रूही मिसळलेली आहे. तिला वेगळं काढून बघता येत नाही.

भागीरथा म्हणाली, "इचार काऊन करून राह्यले? खरं तेच सांगा न."

तिला सगळं सोपं वाटतं. दुपारी मी एकटाच ओट्यावर बसून रजिस्टर चाळलं. त्र्याहत्तर नावं. एकेक नाव घेऊन स्वतःला विचारलं, याला खरंच वाचता येतं का? एकतिसाव्या नावापर्यंत गेलो आणि रजिस्टर बंद केलं.

२१ जानेवारी

खरं सांगितलं. सांगून उपयोग झाला नाही.

जाताना बैलगाडीत मी सोमारीला खुणेनं समजावलं होतं: तिथं लिहू नको. कागद दिला तरी हात लावू नको. तिनं दोनदा मान हलवली. का नको ते तिला कळलं नाही, पण मी सांगतो म्हणून ऐकेल असं वाटलं. जमिनीचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. निकाल आपल्या बाजूनं लागला तर सांगायची गरजच पडणार नाही, असा हिशेब.

नायब तहसीलदार तरुण आणि सभ्य होते. मला शपथ दिली. मी म्हणालो, साहेब, तिला वाचता येत नाही. ती नावाचं चित्र काढते. बोट फिरवणं मी शिकवलं, तपासणीपुरतं. दाखल्यावरची माझी सही चुकीची आहे. गुणवंतरावांच्या वकिलानं दाखला मोठ्यानं वाचला. मग म्हणाला, शिक्षक महाशयांवर गावकऱ्यांचा दबाव आहे. मी म्हटलं, तिला खुणेनं विचारा, मी दुभाष्या होतो. वकील हसला, "साक्षीदार तोच दुभाष्या?"

साहेबांनी मला विचारलं, "गुरुजी, ऑक्टोबरात तुम्ही लिहिलंत ते खरं, की आज सांगता ते?" चौतीस वर्षं मी पोरांना जसं उभं केलं, तसा मी उभा होतो, मान खाली घालून. सोमारी भिंतीपाशी बसून हे सगळं बघत होती. ऐकू येत नाही तिला, पण चेहरे आपल्यापेक्षा जास्त वाचते. गुरुजी संकटात आहेत एवढं तिला कळलं.

साहेबांनी तिला जवळ बोलावलं आणि तोच राजीनामा समोर ठेवला. मी लांबून 'नको, नको' करत होतो. वकील ओरडला, साक्षीदार खुणा करतोय. शिपायानं माझा हात खाली दाबला. सोमारीनं माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीतल्या साहेबांकडे पाहिलं, पदर नीट केला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. दोन्ही पानं. कुठेही घाई नाही. इतकं सुंदर तिनं ऑक्टोबरातही केलं नव्हतं. शेवटी मान हलवली, टाकाकडे हात केला, आणि दुसऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात सही करून दिली.

मग वळून माझ्याकडे बघून हसली. मला सोडवलं होतं ना तिनं.

२२ जानेवारी

राजीनामा कायम. परतताना गाडीत एक गोष्ट सुचली. कागद उलटा द्या, एवढंच साहेबांना सांगायचं होतं. उलट्या कागदावरही तिनं तसंच बोट फिरवलं असतं, आणि सगळं उघड झालं असतं. शब्द तीन. नाही सुचले. मंगरू गाडी हाकत होता, त्याला हे सांगितलं नाही. सोमारी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला धीर देत होती.

१० मार्च

माझ्याच शपथेवरच्या जबानीवरून जनपद कचेरीनं खोटा दाखला दिल्याबद्दल खुलासा मागवला आहे. पाचवीची मंजुरी रद्द. 'पूर्ण साक्षर गाव' ही पाटी कोतवालानं काढून नेली. लटारू मास्तरांना मी म्हणालो, तुम्ही पहिल्यापासून बरोबर होता. त्यांनी खडू उचलला आणि वर्गात गेले.

६ मे

सोमारीला अजून कोणी सांगितलेलं नाही.

उन्हाळाभर ती नेहमीसारखी बोडीखाली खत नेते आहे. सकाळी उठावं तर ती शेणखताची टोपली डोक्यावर घेऊन जाताना दिसते. आज मोजायला बसलो नव्हतो, तरी अकरा खेपा झाल्या. दुसऱ्याच्या झालेल्या जमिनीत. दिवाणजी पाळीवर उभे राहून बघतात आणि काही म्हणत नाहीत. का म्हणतील? फुकटचं खत.

मंगरू आला. "गुरजी, म्या सांगून पाह्यलं, हात हलवून हलवून. ते हासते अन् मले बाजूले सारते. आमचं नाई समजत तिले. तुमीच सांगा."

भागीरथेला म्हटलं, तू सांग, बाईमाणूस बाईमाणसाला. ती म्हणाली, "मी नाई सांगनार. तिच्यासंग बोलाचे हात मी देल्ले होते. तुमी त्या हातायचं का केलं, ते तुमीच सांगा."

उद्या सांगतो.

१९ मे

सांगितलं नाही. दोनदा गेलो. एकदा तिनं मला मोहफुलं दिली, एकदा पाणी.

३० जून

निवृत्त झालो. लटारू मास्तरांकडे किल्ल्या आणि रजिस्टर दिलं. पोरांनी फुलं आणली होती. ब्रह्मपुरीची गाडी पंधरवड्यानं सांगितली आहे.

सोमारीनं धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले आहेत. हिरवेगार आले आहेत.

५ जुलै

आज गुणवंतरावांचे नांगर बोडीखाली लागले.

सोमारी पळत माझ्याकडे आली. चिखलानं माखलेली, कपाळ फुटलेलं, नांगरापुढे उभी राहिली म्हणून नांगऱ्यानं ढकललं असावं. माझा हात धरून ओढायला लागली. लिही, लिही अशी खूण. कागदावर लिही आणि त्यांना घालव. आपल्या गुरुजींनी लिहिलं की काहीही होतं, असा तिचा विश्वास. मी तिला ओट्यावर बसवलं. भागीरथेनं कपाळ पुसलं आणि आत निघून गेली.

मग मी सांगितलं. कायदा, हक्क, राजीनामा यांना आमच्याकडे खुणा नाहीत. चंदाला त्या कधी लागल्या नव्हत्या. जे हात होते त्यातूनच सांगितलं. तू. लिहिलंस. तो कागद. तुझी बांधी. त्याची. तिनं मान हलवली, नाही म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. तिनं ओटा बोटानं पुसला, त्यावर ओल्या चिखलानं 'सोमारी' लिहिलं, बांधीकडे हात केला आणि भुवया उंचावल्या. हे लिहिलं म्हणून?

मी हो म्हणालो.

तिनं माझ्याकडे बोट केलं. मग पुन्हा त्या अक्षरांकडे. तुम्ही शिकवलंत. तुम्हाला माहीत होतं?

मला माहीत नव्हतं. पण 'मी कागद वाचला नाही' हे कसं सांगणार होतो तिला? वाचणं म्हणजे काय, हेच मी तिला शिकवलेलं नाही. तिच्या लेखी गुरुजींनी बोट फिरवलं, मान हलवली, म्हणजे झालं. मी बराच वेळ हात गुडघ्यांवर ठेवून बसलो. ती वाट बघत राहिली. तिला उत्तर हवं होतं आणि मी हात उचलला नाही. शेवटी तीच उठली. चुलीजवळच्या भागीरथेचा हात क्षणभर धरला आणि गेली.

१९ जुलै

ब्रह्मपुरीची गाडी परत पाठवली. निदान 'धान' तरी शिकवून जावं, बैल, सूर्य, तिनं मागितलेलं सगळं. लटारू मास्तर म्हणाले, "राहा. वर्गात जागा हाय."

बोडीखाली धानाचा रोवणा चालू आहे. सोमारी तिथंच आहे, बारा बायकांच्या रांगेत, मजुरीनं. आज सुपात कोंडा घेऊन पाळीवर जाऊन बसलो. रांग माझ्याकडे सरकत आली. ती चार हातांवर आली, कमरेत वाकून पऱ्हे खोचत होती. मी हात हलवले. ती हसली नाही, रागावलीही नाही. मान वळवून पलीकडच्या बाईशेजारी सरकली. भागीरथा भाकरी घेऊन आली तेव्हा मात्र सोमारी तिच्याशी दोन्ही हातांनी खूप वेळ बोलली.

काय म्हणत होती, मी विचारलं.

"तुमाले सांगाचं असतं तर तुमाले सांगतलं असतं," भागीरथा म्हणाली.

दुसऱ्या कोणाला हाक मारता येते, मागून जाऊन माफी मागता येते, दाराबाहेर उभं राहून बोलत राहता येतं. सोमारीशी बोलायचं तर तिनं बघावं लागतं. ती आता माझ्याकडे बघत नाही.